शेवटचं पान फाडू नका : इंदूरच्या शाळांना एक खुलं पत्र

प्रति,
इंदूर शहरातील सर्व शाळांचे प्राचार्य व वर्गशिक्षक यांस

विषय : मुलांच्या रफ कॉपीच्या शेवटच्या पानाबाबत

सादर नमस्कार.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली ऑपरेटर. रामबागेत राहते. आपल्यापैकी काहींच्या शाळांत माझी मुलं शिकली, आता नातवंडं शिकताहेत. शाळेला पत्र लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ. अधिकउणं झालं तर सांभाळून घ्यावं.

गेल्या महिन्यात माझी सहावीतली नात शाळेतून आली ती दप्तर खाली टाकून सरळ गॅलरीत जाऊन बसली. जेवायला हाक मारली तरी उठेना. शेवटी मीच दप्तर उघडलं. रफ कॉपीची मागची चार पानं फाडलेली होती. शिवणीपाशी कागदाच्या दातेरी कडा तेवढ्या उरल्या होत्या. (आपल्याकडे घरी मराठी बोलणारी मुलंसुद्धा वहीला कॉपीच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरते आहे.) डायरीत लाल शाईने लिहिलं होतं, 'कॉपी के पीछे चित्र बनाती है, ध्यान नहीं देती।' खाली पालकांच्या सहीसाठी रेघ.

मी तिला विचारलं, "काय काढलं होतंस गं?"

"काही नाही गं आजी. असंच."

बराच वेळ गेल्यावर हळूहळू सांगायला लागली. वर्गातल्या पंख्याला पाय फुटले होते. पायांत चपला होत्या. एका चपलेचा अंगठा तुटला होता, त्यातून एक वेल निघाली होती आणि ती वेल पानाच्या चारी कडांनी फिरून पुन्हा पंख्याला येऊन मिळाली होती. आणि तास कशाचा होता? एलसीएमचा, म्हणजे लसाविचा. मी म्हटलं, मग तो कळला का? तर म्हणाली, राजवाड्यावरून एक बस दर 12 मिनिटांनी सुटते, दुसरी दर 18 मिनिटांनी, दोघी आत्ता बरोबर सुटल्या तर पुन्हा 36 मिनिटांनी बरोबर सुटतील, असं मॅडमनी सांगितलं. उदाहरण चोख पाठ होतं. का ते सुद्धा तिने मला बोटांवर मोजून दाखवलं.

त्या मॅडमविषयी माझी तक्रार नाही. एका वर्गात पन्नास मुलं सांभाळायची म्हणजे काय, ते मला लांबूनही दिसतं. म्हणून हे पत्र कुठल्या एका शाळेला नाही, सगळ्यांना आहे. ही पानं फाडण्याची रीत जुनी आहे. माझीही फाडली होती.

आपल्या भाषेतच बघा ना. कागदावर हात मोकळा सोडून काहीबाही काढत बसणं, याला आपल्याकडे धड एक प्रेमाचा शब्द नाही. जे आहेत ते सगळे रागावण्याचे. काय गिरगटून ठेवलंयस, काय खरडतोयस, फरकाटे काय मारतेस, वही बरबटवलीस. त्यातल्या त्यात 'रेघोट्या' हा शब्द जरा मऊ, पण 'ओढत बसलाय' हे त्याला लागलेलंच असतं. इंग्रजीतल्या 'डूडल' शब्दाचीही तीच गत. तीन-चारशे वर्षांपूर्वी त्याचा अर्थ बावळट माणूस असा होता. एवढी सार्वत्रिक सवय, आणि जिथे तिथे तिच्या वाट्याला बोलणीच.

मी 1977 मध्ये ट्रंक एक्सचेंजला लागले. ज्यांनी ते काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. समोर दोऱ्यांचा आणि प्लगांचा उभा बोर्ड, डोक्याला हेडफोन, हाताशी तिकिटांचा गठ्ठा. कुणी मुंबईचा कॉल मागितला की तिकीट भरायचं : कुठून, कुठे, कोणता नंबर, कॉल साधा की अर्जंट की लाइटनिंग. मग लाइन मिळण्याची वाट बघायची. ती कधी दहा मिनिटांत मिळे, कधी दोन तासांनीसुद्धा मिळत नसे. कॉल लागला की घड्याळ बघायचं आणि तीन मिनिटांनी मध्ये बोलायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायचे का?" म्हणजे दिवसभराचं काम ऐकण्याचं. त्यातही अर्धंअधिक ऐकणं म्हणजे नुसता खरखराट ऐकत, त्यातून पलीकडच्या ऑपरेटरचा आवाज कधी उमटतो याची वाट बघणं.

त्या बोर्डावर बसणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या हाताखाली जुन्या फॉर्मांचे पाठकोरे कागद असायचे आणि सगळ्यांचे हात चालू असायचे. शेजारची फक्त डोळे काढायची. पापण्यांचे, बिनपापण्यांचे, मिटलेले. पलीकडची एक चौकटीत चौकट, चौकटीत चौकट काढत पान भरायची. मी महेश्वरी लुगड्याच्या काठातली लहर काढायची, मग लहरीखाली विटा, विटांखाली चटई. महेश्वरच्या साड्यांवरचे ते काठ किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवरून उतरलेले, असं आई सांगायची. माझ्या कागदावर ते काठ पुढे कुठल्या कुठे जात. विटेला खिडकी फुटे, खिडकीत पोपट येऊन बसे. हात तिकडे असला तरी कान बोर्डावर असे. पलीकडून "इंदूर, बोला" आलं की पेन्सिल जिथल्या तिथे थांबायची. रात्रपाळीला तर या रेघोट्या नसत्या तर मी बसल्या जागी झोपले असते.

एक कागद मी अजून जपून ठेवला आहे. 3 डिसेंबर 1984चा. आदल्या रात्री भोपाळला गॅस सुटला होता आणि सकाळपासून इंदूरमधून जो तो भोपाळ मागत होता. कुणाची लेक तिथे, कुणाचा भाऊ. लाइन मिळत नव्हती. मी तीच तीच तिकिटं पुन्हा पुन्हा लावत होते आणि लोकांना "थांबा, बघते" म्हणत होते. त्या दिवसाच्या कागदावर लहर नाही, पोपट नाही. नुसते बारीक चौकोन आहेत, एकाला एक लागून, आणि प्रत्येक चौकोन पेन्सिलने गच्च भरलेला. ते मी कधी काढले, मला आठवत नाही. पण त्या दिवशी माझा आवाज एकदाही फुटला नाही, हे मला आठवतं. त्या चौकोनांनी मला सावरून धरलं असं मी मानते.

पुढे निवृत्त झाल्यावर माझ्या मुलाने मला इंग्लंडमधल्या एका प्रयोगाविषयी सांगितलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. प्लिमथ विद्यापीठातल्या जॅकी अँड्रेड यांनी केलेला हा प्रयोग 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. 40 माणसांना टेलिफोनवरचा एक अडीच मिनिटांचा, मुद्दाम कंटाळवाणा केलेला निरोप ऐकवला. एका मेजवानीला कोण कोण येणार आहे तेवढी नावं टिपायची होती. निम्म्या लोकांना ऐकता ऐकता कागदावरचे छापील आकार पेन्सिलने भरायला सांगितलं, उरलेल्यांनी नुसतं ऐकलं. मग अचानक परीक्षा घेतली : कोणती नावं आली, कोणत्या गावांचा उल्लेख झाला. आकार भरणाऱ्यांना 29 टक्के जास्त आठवलं. टेलिफोनवरचंच ऐकणं, आणि वर गच्च भरलेले आकार! मला तर आमचा बोर्डच डोळ्यांसमोर आला.

प्रयोग लहान होता आणि त्यातली माणसं मनाने काही काढत नव्हती, छापलेलं भरत होती, हे मला ठाऊक आहे. तरी अँड्रेड यांनी सुचवलेलं कारण मला पटतं. कंटाळा आला की मन नुसतं रिकामं बसत नाही, ते उठून निघून जातं. परवाच्या लग्नात जातं, उद्याच्या पेपरात जातं. हाताला एवढंसं काम दिलं की ते दाराशी थबकून राहतं. ज्या मुलीला आपण 'लक्ष नाही' म्हणून पकडता, ती कदाचित लक्ष टिकावं म्हणूनच रेघ ओढत असते. खरं हरवलेलं मूल हात जोडून, फळ्याकडे टक लावून, अगदी शहाण्यासारखं बसलेलं असतं. त्याची डायरी कोरी असते.

हे सगळ्या वेळी खरं नाही, हेही मी मान्य करते. फळ्यावर नकाशा काढलेला असेल, भूमितीची आकृती असेल, प्रयोग दाखवत असाल, तर डोळे तिकडेच हवेत. चित्र बघायचं आणि चित्र काढायचं ही दोन्ही कामं डोळ्यांचीच, ती एकमेकांच्या आड येतात. अशा वेळी आपण "पेन खाली" म्हणा, मुलं ठेवतील. माझं म्हणणं बोलून शिकवायच्या, उतरवून घ्यायच्या, उजळणीच्या तासांपुरतं आहे.

आता इथवर मी फायद्याचं बोलले, कारण फायदा सांगितला की शाळेत दार उघडतं. पण मला खरोखर सांगायचं आहे ते दुसरंच. समजा याने काडीचाही फायदा होत नसता, 29 टक्के नाही आणि अर्धा टक्काही नाही, तरी मी हेच पत्र लिहिलं असतं.

माझी आई कणीक भिजवायच्या आधी परातीतल्या पिठावर बोटाने काहीतरी काढायची. रोज. कधी नुसता भोवरा, कधी कोयरी, कधी चार ठिपके आणि त्यांना जोडणारी वळणं. मग त्यावरच पाणी ओतायची आणि मळायला घ्यायची. चैत्रात ती अंगणात चैत्रांगण काढायची. पाळण्यातली गौर, शंख, चक्र, कासव, सूर्य, चंद्र, गायीची पावलं. ते बघायला आळीतल्या बायका यायच्या आणि त्याची वाखाणणी व्हायची. पण चैत्रांगणाला नियम होते, काय कुठे काढायचं ते ठरलेलं होतं. परातीतल्या पिठाला काहीच ठरलेलं नव्हतं. ते कुणी बघितलं नाही, मीसुद्धा फार उशिरा बघितलं. सात माणसांचा स्वयंपाक, सासूबाईंचं सोवळं, पाणी यायची ठरलेली वेळ, या सगळ्याच्या मधोमध तेवढं अर्धं मिनिट तिचं एकटीचं होतं. त्या अर्ध्या मिनिटात तिच्या चेहऱ्यावर जे असायचं, ते नातीच्या चेहऱ्यावर मी रफ कॉपीशी पाहिलं आहे.

वडिलांचं वेगळं होतं. ते लहानपणी घरीच मोडी शिकलेले. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची, हात शक्यतो न उचलता. संध्याकाळी वर्तमानपत्र वाचून झालं की समासात ते तशी रेघ ओढायचे आणि तिला काहीतरी लटकवत सुटायचे. मी विचारलं, काय लिहिता? तर म्हणाले, काही नाही, हात फिरवतोय. कचेरीत दिवसभर दुसऱ्यांच्या अर्जांवर लिहिणारा माणूस घरी येऊन असं लिहायचा, ज्याचा अर्ज कुणाचाच नव्हता.

असंच. काही नाही. हात फिरवतोय. नातीने आणि वडिलांनी दिलेलं उत्तर एकच आहे, आणि ते अगदी खरं आहे. मुलाच्या दिवसात असं 'असंच' किती उरलंय ते मोजून बघा. शाळा, शाळेनंतर कोचिंग, त्यानंतर अबॅकस किंवा स्केटिंग. चित्रकलेचा तास असतो, पण त्यातही 'गाव का दृश्य' : दोन डोंगर, मध्ये सूर्य, एक झोपडी, एक नदी. रंग बाहेर गेला की मार्क कमी. रफ कॉपीचं शेवटचं पान ही एकच जागा अशी आहे, जिथे चुकता येत नाही. तिथे पंख्याला पाय फुटले तर ते चूकही नाही आणि बरोबरही नाही.

आपल्या शाळांची स्नेहसंमेलनं रवींद्र नाट्यगृहात होतात. समोरचा रस्ता रवींद्रनाथ टागोर मार्ग. ज्यांचं नाव आपण नाट्यगृहाला आणि रस्त्याला दिलं, त्यांची हस्तलिखितं कशी होती हे मुलांना एकदा दाखवा. कवितेतला शब्द नको वाटला की ते तो खोडायचे, आणि खोडलेले शब्द एकमेकांना रेघांनी जोडत जायचे. होता होता त्यातून चोच निघायची, डोळा निघायचा, कधी न पाहिलेलं एखादं जनावर पानावर येऊन बसायचं. 1924 मध्ये अर्जेंटिनात असताना तिथल्या लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांनी त्यांच्या वहीतली ही खाडाखोड पाहिली आणि त्या हरखून गेल्या. 1930 मध्ये त्यांच्याच खटपटीने पॅरिसला टागोरांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. तेव्हा गुरुदेव सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. त्यांची ती वही आपल्या तपासणीला आली असती तर आपण काय शेरा दिला असता?

गणिताच्या शिक्षकांसाठी आणखी एक. 1963 मध्ये स्टॅनिस्लाव उलाम नावाचे गणितज्ञ एका कंटाळवाण्या व्याख्यानाला बसले होते. त्यांनी कागदावर मधोमध 1 लिहिला, शेजारी 2, वर 3, आणि पुढचे आकडे गोगलगायीच्या पाठीसारखे भोवती फिरवत नेले. मग त्यातल्या मूळ संख्यांवर खुणा केल्या. त्या खुणा विखुरलेल्या नव्हत्या, तिरक्या रेघांत उभ्या होत्या. आजही या उलामांच्या सर्पिलाचा अभ्यास होतो. मी आणि नातीने तो विजेच्या बिलाच्या पाठीवर काढून पाहिला. आपणही एखाद्या मोकळ्या तासाला वर्गात काढून बघा. सहावीच्या मुलाला सहज जमतो.

या नावांचा दुसरा अर्थ मात्र कृपा करून काढू नका. प्रत्येक मूल पुढे मोठं कुणी होईल, म्हणून त्याला रेघोट्या ओढू द्या, असं मी म्हणत नाही. इंदूरला तसं म्हणायचा मोह फार. 1927 मध्ये देवळालीकर मास्तरांनी इथे चित्रकलेची शाळा काढली आणि त्यांच्या हाताखालून बेंद्रे, हुसेन यांच्यासारखे चित्रकार गेले. विष्णु चिंचाळकर गुरुजी तर याच शहरात राहिले आणि वाळकी काडी, दगड, फेकलेली वस्तू यांत लपलेला आकार लोकांना दाखवत राहिले. त्यांचा मला अभिमान आहे. पण माझ्या आईच्या परातीतली कोयरी त्या मार्गाला जाणार नव्हती आणि तिला जायचंही नव्हतं.

म्हणून एक विनंती मुद्दाम करते. हे पत्र वाचून कुणाला वाटेल, चला, आपण आंतरशालेय डूडल स्पर्धा घेऊ, सूचनाफलकावर लावू, तीन बक्षिसं देऊ. तसं अजिबात करू नका. आठवड्याचा एक तास 'डूडलिंग ॲक्टिव्हिटी'ला देऊ नका, त्याचे फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकू नका. बक्षीस लावलं त्या दिवशी ते पान पुन्हा आपलं होईल, मुलाचं राहणार नाही. आपण काही करायचं नाही आहे. तिकडे बघायचं नाही, एवढंच करायचं आहे. वही तपासताना शेवटच्या पानापाशी आलात की उलटून पुढची वही घ्या.

भिंती आणि बाकं खराब होतील ही आपली भीती रास्त आहे. 2017 पासून या शहराने स्वच्छतेत पहिला नंबर मिळवला आणि टिकवला, त्यात शाळांचा आणि मुलांचा वाटा मोठा आहे. माझी नात चॉकलेटचा कागद खिशात घालून घरी आणते आणि ओला-सुका कचरा वेगळा केला नाही तर मलाच रागावते. ही मुलं भिंतीवर लिहिणार नाहीत, पुस्तकपेढीच्या पुस्तकांत तर नाहीच नाही. त्यांना कळतं. पण सगळं शहर चकचकीत ठेवायचं म्हटल्यावर हाताला कुठेतरी एक वीतभर मोकळी जागा हवी. ती घरची, स्वतःच्या पैशाने घेतलेली, रद्दीतच जाणारी कॉपी असेल तर त्यात कुणाचं काय बिघडतं?

आपल्यापुढच्या अडचणी मला दिसतात. तपासणीला कुणी आलं आणि वहीत पंख्याला पाय दिसले तर बोलणी आपल्याला बसतात. म्हणून प्राचार्यांना सांगणं असं की, हे वर्गशिक्षकावर सोडू नका. एक ओळीची सूचना काढा : रफ कॉपीचं शेवटचं पान तपासलं जाणार नाही, फाडलं जाणार नाही आणि त्यावरून डायरीत शेरा दिला जाणार नाही. नव्या शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीला दहा दिवस बिनदप्तराचे सुचवले आहेत. मी एक पान मागते आहे.

आणि जमलं तर आणखी एक करून बघा. पुढच्या स्टाफ मीटिंगमध्ये, प्राचार्य परिपत्रक वाचत असतील तेव्हा, आपल्या स्वतःच्या डायरीच्या कडेला बघा. तारखेतल्या शून्याला पाकळ्या आल्या आहेत का? सहीच्या खाली आणखी दोन सह्या आल्या आहेत का? मी चाळीस वर्षांत अशी एकही मीटिंग पाहिली नाही, जिथे कुणाचाच हात चालत नव्हता.

मी डायरीत सही करून दिली आहे. फाडलेल्या पानांमुळे जुन्या कॉपीची पुढची पानंही सुटायला लागली होती, म्हणून रविवारी नातीला घेऊन खजुरी बाजारात गेले आणि नवी घेऊन आले. दुकानातच तिने ती उलटी धरून मागून उघडली, शेवटच्या पानावर हात फिरवला आणि मला विचारलं, "आजी, यात काढू ना?"

मी हो म्हटलं आहे. सोमवारी ती कॉपी आपल्याकडे येईल.

आपली,
एक आजी
निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, रामबाग, इंदूर